दारातून परतलेली आई

पस्तीस वर्षे मी शाळेत शिकवले. मुलाचे गाऱ्हाणे घेऊन एखादी आई आली की तिचे बोलणे अर्धे होते-न होते तोच माझा उपदेश सुरू व्हायचा. म्हणूनच अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या आयुष्यातला एक प्रसंग वाचला, तेव्हा मी ओशाळलो.

रॉजर्स यांचा जन्म १९०२ मधला, शिकागोजवळच्या ओक पार्कचा. सहा भावंडांतले चौथे. घर कर्मठ ख्रिस्ती. पत्ते, नाच, नाटक सारे वर्ज्य. आधी शेतीशास्त्र, मग इतिहास, मग धर्मोपदेशक होण्यासाठी न्यूयॉर्क आणि तिथून कोलंबिया विद्यापीठात मानसशास्त्र, असे वळण घेत ते १९२८ मध्ये रॉचेस्टर शहरी आले. अडचणीतल्या मुलांसाठी त्यांनी तिथे बारा वर्षे काम केले.

तिथलीच ही गोष्ट. मुलगा महाद्वाड. आईने त्याला लहानपणी झिडकारले, हे त्याचे मूळ, असे रॉजर्स यांचे निदान. अनेक बैठकींत त्यांनी तिला ते परोपरीने समजावले. पटेना. शेवटी, आपल्याला हे जमत नाही, थांबू या, असे त्यांनीच सुचवले. तिनेही मान डोलावली. दारापर्यंत गेलेली बाई वळली आणि इथे मोठ्या माणसांनाही मदत मिळते का, असे तिने विचारले. मग पुन्हा खुर्चीत बसून तिने आपल्या विस्कटलेल्या संसाराची कर्मकहाणी सांगायला सुरुवात केली. आधी भरलेल्या कागदांत यातले काहीच नव्हते! काय करावे ते रॉजर्स यांना कळेना. ते नुसते ऐकत राहिले. पुढे बऱ्याच भेटी झाल्या. तिचा संसार सावरला आणि मुलगाही. कुठे दुखते आणि वाट कोणती, हे दुखणाऱ्यालाच ठाऊक असते, ही खूणगाठ त्यांनी इथे बांधली.

१९४२ च्या पुस्तकात त्यांनी रुग्ण हा शब्दच टाकला, क्लायंट म्हटले. (मराठीत अशील म्हणावे तर वकील आठवतो!) बंद खोलीतल्या बैठकी तबकड्यांवर ध्वनिमुद्रित करून त्यांनी एका माणसाचे संपूर्ण संभाषण छापले. आपल्या चुकाही चारचौघांपुढे मांडायला धैर्य लागते.

त्यांच्या मोठेपणापेक्षा मला जवळची वाटते ती त्यांची पडझड. शिकागोत असताना एका अतिशय व्यथित स्त्रीवर उपचार करता करता ते स्वतःच इतके खचले, की पत्नी हेलन यांना घेऊन दोन-तीन महिने शहर सोडून गेले. परतल्यावर हाताखालच्याच एका सहकाऱ्याने मदत देऊ केली आणि गुरू निमूटपणे त्याच्यासमोर बसले.

उतारवयात वैऱ्यांना समोरासमोर बसवून ऐकायला लावण्याचा ध्यास त्यांनी घेतला. बेलफास्टचे कॅथॉलिक-प्रोटेस्टंट झाले, दक्षिण आफ्रिका झाली. फेब्रुवारी १९८७ मध्ये, पडून खुब्याचे हाड मोडल्यानंतर, ते गेले.

माझ्या खोलीतून परत गेलेल्या आया अधूनमधून आठवतात. दारापाशी कोणी वळून पाहिले होते का, ते मात्र आठवत नाही. मी तेव्हा बहुधा वह्या तपासायला घेतलेल्या असत.