रोज नवा अंक लिहिणारे गुरुजी



आपल्या तिसरीच्या वर्गाबाहेर दर शनिवारी एक कागद लागतो. वर आठवड्यात काय शिकवलं ते, आणि खाली घरच्यांसाठी चार सूचना. या आठवड्यात लातूर जिल्ह्याचा नकाशा काढून झाला, त्यात आपलं अहमदपूर दाखवून झालं, सहाचा पाढा पाठ झाला आणि पत्र कसं लिहावं हे सुरू झालं. सूचना त्याच नेहमीच्या. नखे काढून पाठवा, दप्तरात पेन्सिल आहे का ते बघा, बाजाराच्या दिवशी पोराला घरी ठेवू नका.

असा कागद आठवड्याला एकदा लिहिणं काही मोठं काम नाही. पण रोज लिहायचा, तोही हातानं, आणि मुलांनी सकाळी उठून आपण होऊन वाचावा असा लिहायचा, हे मात्र अवघड. ते एका शिक्षकांनी करून दाखवलं. त्यांची ही हकीकत.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात, दापोलीजवळच्या पालगड गावी झाला. सगळे त्यांना साने गुरुजी म्हणतात. आपल्याकडे पाऊस वाट पाहायला लावतो, तिकडे कोकणात तो थांबता थांबत नाही. साने यांचं घर एके काळी खोताचं, म्हणजे मानाचं होतं. पण कोर्टकचेऱ्या आणि कर्ज यांत सारं गेलं नि घरात गरिबी आली.

त्यांच्या आईचं नाव यशोदा. या माउलीने मुलाला पदोपदी आठवण करून दिली, पण तिची तऱ्हा निराळी होती. न्हाल्यावर तळपायांना माती लागू नये म्हणून लहानग्याने एकदा हट्ट धरला. आईने आपलं ओलं लुगडं दगडावर पसरून त्याला त्यावर पाय ठेवू दिले, आणि मग पायांना जसा जपतोस तसं मनालाही घाण लागू देऊ नको, असं समजावलं. हाच मुलगा विहिरीत पोहायला भीत होता, तेव्हा तिनेच त्याला शिपटीने मारत विहिरीवर धाडलं! लाड कुठे करायचा आणि कठोर कुठे व्हायचं, हे तिला बरोबर कळत होतं. आमच्या मते गुरुजींची पहिली शाळा म्हणजे हीच.

पुढे शिक्षणासाठी पालगड सोडावं लागलं. काही वर्षं दापोलीला काढली. मग औंध संस्थानात गरीब मुलांच्या जेवणाची सोय होते असं कळलं, म्हणून औंध गाठलं. तिथून पुणं. कधी पोटभर मिळे, कधी मिळत नसे. १९१७ साली आई वारली. शेवटच्या वेळी तिच्याजवळ बसायला हा मुलगा नव्हता. ते दुःख त्यांना जन्मभर राहिलं. तरी अभ्यास सोडला नाही. एम.ए. झाले आणि जून १९२४ मध्ये खानदेशातल्या अमळनेरच्या शाळेत शिक्षक म्हणून लागले. आज ती शाळा प्रताप हायस्कूल म्हणून ओळखली जाते.

थोड्याच दिवसांत त्यांच्याकडे शाळेचं वसतिगृह आलं. खेड्यापाड्यांतून आलेली, आई-बापांपासून दूर राहणारी ती मुलं. कुणाची खोली पसरलेली, कुणाच्या कंदिलाची काच काजळलेली, कुणाचे कपडे मळलेले. दुसऱ्या कुणी असते तर सकाळी रांगेत उभं करून बोल लावले असते. गुरुजी काय करीत? मुलं शाळेत गेली की स्वतः खोली झाडीत, काच पुसून ठेवीत. मुलगा परत येऊन बघे तो खोली लख्ख. दोन-चार दिवस असं झालं की त्यालाच लाज वाटे आणि तो झाडू हातात घेई. कुणी आजारी पडला तर गुरुजी उशाशी बसून राहत. पगारातले पैसे गरजू मुलांसाठी खर्च होत.

आणि रात्री, सगळी मुलं झोपली की, गुरुजी लिहायला बसत. त्यांनी वसतिगृहासाठी हाताने लिहिलेलं एक दैनिक सुरू केलं. नाव होतं ‘छात्रालय दैनिक’. छात्रालय म्हणजे वसतिगृह. छापखाना नाही, टाईप नाही. लिहिणारे तेच, संपादक तेच. त्यात देशातल्या घडामोडी असत, थोर माणसांच्या गोष्टी असत, कविता असत, आणि वसतिगृहात काय चाललंय तेही असे. सकाळी मुलं उठत ती आज अंकात काय आहे ते बघायला. विचार करा, दिवसभर शिकवून, मुलांचं सगळं बघून मग रात्री लेखणी धरायची. आमच्या वर्गाचा एक कागद पुरा करायला शुक्रवारची सगळी दुपार लागते! पुढे १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ नावाचं मासिकही काढलं.

याच काळात आपल्या मराठवाड्यात निजामाचं राज्य होतं. वरच्या वर्गांत मुलांना उर्दूतून शिकावं लागे. घरात मराठी, शाळेत उर्दू. शाळेत काय झालं ते पोरानं घरी सांगितलं तर मायला कळावं कसं? आज आपल्या वर्गाबाहेरचा कागद मराठीत लागतो, एवढी गोष्टही आपल्या आज्या-पणज्यांच्या वेळी साधी नव्हती.

१९३० साली गांधीजींची मिठाची चळवळ सुरू झाली. गुरुजींनी नोकरी सोडली आणि देशकार्यात उडी घेतली. मग तुरुंगवास. पण शिक्षकाला तुरुंगातही शाळा सापडते. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेकडचे कैदी भेटले, तर त्यांच्याकडून ते तमिळ शिकले. सगळ्या प्रांतांच्या मुलांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, ही ‘आंतरभारती’ची कल्पना पुढे त्यांनी मांडली. आपल्या वर्गात तांड्यावरची मुलं घरी गोरमाटी बोलतात, काही घरांत उर्दू बोलतात. गुरुजी आले असते तर त्यांनी आधी त्या मुलांना जवळ बसवून चार शब्द विचारून घेतले असते, असं आम्हाला वाटतं.

धुळ्याच्या तुरुंगात तर आठवड्याची शाळाच भरली. २१ फेब्रुवारी १९३२ पासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबा भावे गीतेचा एकेक अध्याय समजावून सांगत. अठरा रविवार, अठरा अध्याय. (मोजून बघा, बरोबर येतात.) विनोबा बोलत आणि साने गुरुजी भराभर लिहून घेत. त्यांनी लिहून घेतलं म्हणून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आज आपल्या हातात आहे.

पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात त्यांनी आपल्या आईच्या आठवणी लिहिल्या. अवघ्या पाच दिवसांत! तीच ‘श्यामची आई’. १९३५ साली पुस्तक निघालं. आचार्य अत्रे यांनी त्यावर १९५३ साली चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं.

मे १९४७ मध्ये पंढरपूरला गुरुजींनी उपोषण केलं. विठ्ठलाच्या देवळात दलित बांधवांना जाऊ देत नसत, ते जाऊ द्यावं यासाठी. त्याआधी त्यांनी महाराष्ट्रभर फिरून लोकांना समजावलं होतं. शेवटी दार उघडलं. आपल्याकडून वारीला जाणाऱ्या आज्या-आजोबांनी ही गोष्ट नातवंडांना जरूर सांगावी.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ हे साप्ताहिक सुरू केलं. त्यानंतर महिनाभरानं, १७ सप्टेंबरला, आपला मराठवाडा निजामाच्या राज्यातून मोकळा झाला. ‘साधना’त गुरुजी आपल्या पुतणीला, सुधाला, लिहिलेली पत्रं छापीत. फुलं, पक्षी, पाऊस, देशात काय घडलं, असं सगळं त्या पत्रांत असे. नाव सुधाचं, पण वाचणाऱ्या प्रत्येक मुलाला ते आपल्यालाच आलेलं पत्र वाटे. ती पत्रं पुढे ‘सुंदर पत्रे’ या नावानं पुस्तकरूपाने आली.

११ जून १९५० रोजी गुरुजी गेले. वय पन्नास. ‘साधना’ अजून निघते. आपण परिपाठाला प्रेमाची जी प्रार्थना म्हणतो, तीही त्यांचीच.

आता या आठवड्याची सूचना. ‘श्यामची आई’त बेचाळीस रात्रींच्या बेचाळीस गोष्टी आहेत. पुस्तक वर्गाच्या कपाटात आहे, नाव लिहून घरी न्यायचं. जेवणं झाली की रोज एक गोष्ट तिसरीच्या मुलानं मोठ्यानं वाचायची. घरात कुणाला वाचता येत नसलं तरी चालेल, ऐकायला येतंच की. अडखळला तर हसू नका, पुढचा शब्द सांगू नका, थोडं थांबा.

दिवाळीनंतर जी मंडळी कोयत्यावर जाणार आहेत, त्यांनी पोराला फडावर न्यायच्या आधी एकदा शाळेत येऊन भेटावं. आजीजवळ ठेवता येतंय का, हंगामी वसतिगृहाची सोय होतीय का, ते बसून बघू. मागं राहणाऱ्या मुलांनी दर शनिवारी आई-बापाला पत्र लिहायचं, आठवड्यात काय शिकलो ते. फोन असतोच, पण पत्र उशाखाली ठेवता येतं. पोस्टकार्डं बाईंच्या टेबलावर आहेत. कारखान्याचं नाव, गाव, तालुका आणि पिन कोड पालकांनी जायच्या आधी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून द्यावा.