कोका-कोलाचे जनक जॉन पेंबर्टन

लाल पाटीवर पांढऱ्या वळणदार अक्षरांत कोका-कोला असं लिहिलेलं आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. हे पेय ज्यांनी तयार केले ते एक जखमी सैनिक होते. त्यांचे नाव जॉन स्टिथ पेंबर्टन. त्यांची गोष्ट गोड नाही, पण सर्वांनी वाचावी अशी आहे.

पेंबर्टन यांचा जन्म ८ जुलै १८३१ रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात नॉक्सव्हिल या लहान गावी झाला. त्यांचे बालपण रोम या गावी गेले. हे रोम इटलीतलं नाही बरं का, जॉर्जियातलंच आहे. झाडपाल्याच्या औषधांचा त्यांनी अभ्यास केला. १८५० साली, म्हणजे अवघ्या १९व्या वर्षी, त्यांना औषधे देण्याचा परवाना मिळाला. नंतर कोलंबस या नदीकाठच्या गावात त्यांनी औषधांचा धंदा केला. १८५३ साली त्यांचे लग्न झाले. त्यांना चार्ल्स नावाचा एकच मुलगा होता.

१८६१ साली अमेरिकेत उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची राज्ये आपसांत लढू लागली. तेव्हा दक्षिणेत काळ्या लोकांना गुलाम करून ठेवत. माणसांची खरेदी-विक्री होई. दक्षिणेच्या राज्यांना ही गुलामी चालूच ठेवायची होती. पेंबर्टन दक्षिणेच्या बाजूने लढले. ती बाजू न्यायाची नव्हती. शेवटी दक्षिण हरली आणि गुलामांना स्वातंत्र्य मिळाले. हे चांगलेच झाले.

पेंबर्टन घोडदळात होते. ते लेफ्टनंट कर्नल झाले. ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचे सेनापती ली शरण आले, पण लढाई सगळीकडे थांबली नाही. १६ एप्रिलला कोलंबसमध्येच चकमक झाली. त्यात पेंबर्टन यांच्या छातीवर तलवारीचा वार बसला. युद्ध संपत आलं होतं, आणि तेव्हाच त्यांना हा घाव बसला.

ते वाचले, पण वेदना फार होत्या. त्या थांबाव्यात म्हणून ते मॉर्फिन घेऊ लागले. मॉर्फिन हे औषध अफूपासून करतात. त्याने दुखणं थांबतं, पण पुन्हा पुन्हा घेतलं की त्याची सवय लागते, आणि मग ते सुटता सुटत नाही. त्या युद्धातल्या पुष्कळ जखमी सैनिकांचे असेच झाले. पेंबर्टन तर स्वतः औषधवाले. जखम भरली तरी व्यसन काही गेलं नाही.

पुढे ते अटलांटा शहरात राहायला गेले. मॉर्फिन सुटेल असे एखादे औषध ते शोधत होते. १८८५ साली त्यांनी द्राक्षाच्या दारूत कोका नावाच्या झाडाचा पाला घालून एक औषध काढले. कोकाच्या पाल्यात कोकेन असते. त्यामुळे मॉर्फिन सुटेल असे त्यांना वाटले. कोकेनचंही व्यसन लागतं, हे आज सर्वांना ठाऊक आहे. त्याच वर्षी अटलांटात दारूबंदी करायचे ठरले. मग पेंबर्टन यांनी दारू काढून टाकली आणि साखरेचा गोड पाक तयार केला. त्यात कोकाचा पाला आणि आफ्रिकेतल्या कोला झाडाच्या बियांचा अर्क होता. तो पाक सोड्यात मिसळून ८ मे १८८६ रोजी एका औषधाच्या दुकानात विकायला ठेवला. एका पेल्याला ५ सेंट पडत. त्यांचे भागीदार फ्रँक रॉबिन्सन यांनी कोका-कोला हे नाव सुचवले आणि ते वळणदार अक्षरांत लिहिले. पाटीवर आपण पाहतो ती त्याच वळणाची अक्षरे.

पहिल्या वर्षी रोज सरासरी ९ पेलेच खपले. विक्रीपेक्षा जाहिरातीचा खर्च जास्त झाला. पेंबर्टन आजारी पडले. पोटाच्या कर्करोगाने ते खंगत गेले. पैशाची ओढाताण होतीच, शिवाय व्यसनालाही पैसे लागत. म्हणून १८८७ व १८८८ साली त्यांनी आपले हक्क थोडे थोडे करून विकून टाकले. १६ ऑगस्ट १८८८ रोजी अटलांटात ते वारले. त्यांचे वय ५७ होते. त्यांना कोलंबसला नेऊन पुरले. सहा वर्षांनी, १८९४ साली, मुलगा चार्ल्सही वारला. त्यालाही अफूचे व्यसन होते.

कोका-कोलाचे सर्व हक्क आसा कँडलर या व्यापाऱ्याने मिळवले. त्याने १८९२ साली कंपनी काढली आणि तो फार श्रीमंत झाला. विसाव्या शतकात त्या पेयातून कोकेन काढून टाकले गेले. आज ते जगभर खपते. ज्याने ते बनवले त्याच्या घरी मात्र काहीच उरले नाही.

पेंबर्टन आळशी नव्हते. ते हुशार होते, आणि औषधांची माहिती त्यांना आपल्यापेक्षा कितीतरी जास्त होती. तरी ते व्यसनात सापडले. म्हणून दुखण्यावरचं औषध डॉक्टर सांगतील तेवढंच घ्यावं. आणि गावात कुणी व्यसनात अडकलं असेल तर पोरांनी त्याच्या मागे ओरडत फिरू नये. त्याचंही काही दुखत असेल. मोठ्यांनी त्याला वेळेवर दवाखान्यात न्यावे, एवढीच माझी विनंती.

— इयत्ता चौथी