क्रांतिसिंह नाना पाटील : एक चरित्र व त्यापासून घ्यावयाचा बोध



महोत्सवाच्या स्मरणिकेत संतांची चरित्रे द्यावीत असा प्रघात आहे, व तो योग्यच आहे. यंदा आम्ही त्या प्रघातास किंचित सोडून अशा एका पुरुषाचे चरित्र आपणांपुढे ठेवीत आहो, की जो ना आपल्या धर्माचा होता, ना आपल्या वऱ्हाडातला. ह्यास कारण घडले ते असे. धर्मशिक्षणाच्या वर्गात एका तरुणाने आम्हांस विचारले की, सत्ता देवापासून आहे असे जर शास्त्र शिकविते, तर ती सत्ता जुलमी झाल्यास ख्रिस्ती माणसाने काय करावे? आम्ही त्यास थोडक्यात उत्तर दिले. परंतु ते आमचे आम्हांसच अपुरे वाटले. पुरे उत्तर शोधीत असता नाना पाटलांचे चरित्र आमच्या डोळ्यांपुढे आले.

नाना रामचंद्र पाटील ह्यांचा जन्म 3 ऑगस्ट 1900 रोजी झाला. त्यांचे गाव येडे मच्छिंद्र, तालुका वाळवा. हा मुलूख त्या काळी सातारा जिल्ह्यात होता, आज तो सांगली जिल्ह्यात आहे. शेतकऱ्याच्या घरचा हा मुलगा पुढे तलाठी झाला. तलाठी म्हणजे काय, हे डोणगावच्या शेतकऱ्यास सांगावयास नको. सरकारचा हात खेड्यातील उंबरठ्यापर्यंत पोचतो तो त्याच्या दप्तरातूनच. सत्यशोधक समाजाचे संस्कार मनावर झालेले असल्यामुळे गरिबाची नाडणूक त्यांस सहन होत नसे. 1930 साली कायदेभंगाची चळवळ सुरू होताच त्यांनी ती नोकरी सोडली. पुढील बारा वर्षांत त्यांस अनेक वेळा तुरुंगवास घडला. त्यांची भाषा नांगर धरणाऱ्याची होती; म्हणून विद्वानांच्या व्याख्यानास जे कधी गेले नाहीत, ते लोक त्यांच्या सभेस बैलगाड्या जुंपून येत.

दुसरे महायुद्ध चालू असता, 8 ऑगस्ट 1942 रोजी मुंबईस इंग्रजांनी हा देश सोडून जावे असा ठराव झाला, व दुसऱ्याच दिवशी सारे पुढारी पकडले गेले. साताऱ्याच्या शेतकऱ्यांनी प्रथम जो मार्ग धरिला तो निःशस्त्र होता. हजारो लोक तालुक्याच्या कचेऱ्यांवर झेंडा लावावयास निघाले. 3 सप्टेंबरचा तासगावचा मोर्चा रक्त न सांडता पार पडला. परंतु 9 सप्टेंबरला वडूज येथे गोळीबार होऊन नऊ माणसे पडली. दुसऱ्या दिवशी इस्लामपुरास पुन्हा गोळ्या सुटल्या व आणखी दोघे गेले. येथून पुढे चळवळ भूमिगत झाली. नाना वेष पालटून, रात्री शिवारातून चालून, आज एका वाडीत तर उद्या दुसऱ्या वस्तीत असे 1946 पर्यंत राहिले. सरकारने त्यांच्या डोक्यावर बक्षीस लाविले व घरदार जप्त केले. तरी त्यांस कोणी धरून दिले नाही. वाचकहो, ह्याचा विचार करा. ज्या घराने त्यांस भाकर वाढली, त्या प्रत्येक घराने तुरुंगाची जोखीम पत्करिली होती. त्या घरांची नावे कोणत्याही पुस्तकात नाहीत.

1943 साली ह्या मंडळींनी जे उभारिले त्यास प्रतिसरकार म्हणतात. नानांबरोबर जी. डी. लाड, नागनाथ नायकवडी, किसन वीर असे अनेक कर्ते पुरुष त्यात होते, व स्त्रियाही होत्या. नानांची स्वतःची कन्या हौसाबाई त्यांपैकी एक. त्यांच्या तुफान सेनेने 7 जून 1943 रोजी शेणोलीजवळ सरकारी पैसा नेणारी रेलगाडी अडविली. 14 एप्रिल 1944 रोजी खानदेशात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला, त्यात पाच लाखांहून अधिक रुपये हाती आले. अशा गोष्टी पोवाड्यात शोभतात व मुलांस आवडतात. आमच्या मते खरे कार्य निराळेच होते.

ते कार्य असे. सुमारे दीडशे गावांत लोकांनी आपापसातील तंटे सरकारी कोर्टात नेण्याचे सोडले. गावोगाव न्यायदान मंडळे बसली. बांधाची भांडणे, सावकाराची गहाणे, टाकलेल्या बायकांची गाऱ्हाणी तेथे ऐकली जात व निकाल लागे. पोलीस चळवळीच्या मागे लागले असता ज्या दरोडेखोरांनी डोके वर काढिले होते, त्यांचा बंदोबस्त झाला. दारूस बंदी झाली. हुंडा व लग्नातील उधळपट्टी बंद करून अल्प खर्चात लग्ने लागू लागली; त्यांस गांधी विवाह म्हणत. म्हणजे परकी सत्ता दाराबाहेर ठेवण्यापूर्वी लोकांनी आपल्या घरातील केर काढिला. जुलमी सत्ता बंदुकीवर जितकी उभी असते, तितकीच आपल्या आपसातील वैरावर उभी असते. भाऊ भावाविरुद्ध कचेरीत जातो, शेजारी शेजाऱ्याची चुगली करितो, तेव्हा तिला वेगळे बळ लागत नाही.

आता जी गोष्ट लपविणे पाप होईल ती सांगतो. ह्या सरकारास लोक पत्री सरकार म्हणत. बैलाच्या खुरास पत्री ठोकितात हे आपण पाहतोच. त्याप्रमाणे खबऱ्यांच्या व गुंडांच्या तळपायांवर काठ्यांचे तडाखे बसत, त्यावरून हे नाव पडले. 1944 साली सुटका झाल्यावर महात्मा गांधींनी भूमिगतांस प्रकट होण्याचा सल्ला दिला, तोही नानांच्या मंडळींनी मानला नाही. त्या काळचे संकट मोठे होते, व घरी सुखाने बसून त्यांचा न्याय करणे आम्हांस शोभत नाही. तथापि धर्मगुरू ह्या नात्याने इतके म्हणणे प्राप्त आहे की, ज्याच्या हाती काठी आली त्यास आपला क्रोध व न्याय ह्यांतील भेद दिसेनासा होतो. रात्रीच्या अंधारात दिलेल्या शिक्षेवर अपील नसते. जुलमाशी लढणाऱ्याने जुलमाची हत्यारे उचलावीत की काय, हा प्रश्न नानांचे चरित्र आपणांपुढे टाकिते, व तो सोडविण्याचे काम आपणांवर ठेविते.

ह्याच प्रश्नाचे दुसरे उत्तर त्याच वर्षी युरोपात एका कॅथलिक शेतकऱ्याने दिले. ऑस्ट्रियातील सेंट राडेगुंड गावचा फ्रान्झ येगरश्टेटर हा आपल्या चर्चचा सेवक होता. घरी पत्नी व तीन लहान मुली होत्या. हिटलरच्या अन्यायी युद्धात लढण्यास त्याने नकार दिला, म्हणून 9 ऑगस्ट 1943 रोजी त्याचा शिरच्छेद झाला. गावातील बहुतेकांस तो हट्टी वाटला. 2007 साली ख्रिस्तसभेने त्यास धन्यवादित म्हणून घोषित केले. त्याच्या पाठीशी दीडशे गावे नव्हती. नानांच्या पाठीशी ती होती. परंतु दोघेही शेतकरीच, व दोघांनीही अन्याय्य आज्ञेपुढे मान तुकविली नाही. प्रेषित पेत्रही धर्मसभेपुढे असाच उभा राहिला होता, हे आपणांस ठाऊक आहे.

1946 साली प्रांतात लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले व नाना प्रकट झाले. स्वातंत्र्यानंतर त्यांनी सत्तेची पालखी धरिली नाही. प्रथम शेतकरी कामगार पक्षात व नंतर कम्युनिस्ट पक्षात ते गेले. संयुक्त महाराष्ट्रासाठी लढले. 1957 साली साताऱ्याकडून व 1967 साली बीडकडून लोकसभेत निवडून गेले. त्यांच्या पक्षाच्या तत्त्वज्ञानाशी आमचे जमणे नाही. पण त्यांच्या साधेपणापुढे मस्तक नम्र होते. 6 डिसेंबर 1976 रोजी ते वारले. त्या दिवशी देशात आणीबाणी चालू होती. परका राजा गेला म्हणजे नागरिकाचे काम संपले असे नव्हे, हे त्या तारखेवरूनही ध्यानात यावे.

तर त्या तरुणास आमचे उत्तर असे. सत्ता देवापासून आहे, म्हणूनच तिला मर्यादा आहे. ती मर्यादा सुटली की नकार देणे हेही आज्ञापालनच होय. मात्र असा नकार एका दिवसात अंगी येत नाही. ज्या धर्मग्रामात भावाभावांचे तंटे वर्षानुवर्षे मेहकरच्या कोर्टात लोंबकळतात, जेथे लग्नासाठी कर्ज काढिले जाते, जेथे शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष सहज मिळते, तो उद्या कोणत्या जुलमास तोंड देणार? म्हणून ह्या महोत्सवाच्या वर्षी आपण एवढाच निश्चय करू या की, आपल्यातील एक तरी जुना तंटा आपण एकत्र बसून, भर दिवसा, काठीवाचून मिटवू. आम्ही त्या बैठकीस येण्यास सदैव तयार आहो. प्रभू आपणांस धैर्य देवो, आणि धैर्याबरोबर दयाही देवो.