बोलण्यापूर्वीची पाच वर्षे

खोपोली-कर्जत लोकलच्या डब्यात ऐकलेली गोष्ट मी खरी धरली, ही माझी चूक. गेल्या वर्षी मी वर्गप्रतिनिधी झालो आणि पहिल्याच सभेत एका सहाध्यायावर स्नेहसंमेलनाच्या वर्गणीत घोळ केल्याचा आरोप करून बसलो. टाळ्याही मिळाल्या. दुसऱ्या दिवशी पावत्या पाहिल्या, तर हिशेब चोख! आता काय करावे या विवंचनेत असताना ग्रंथालयात नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे चरित्र हाती आले. परीक्षेत ‘नेमस्त’ या एका शब्दात आपण ज्यांना निकालात काढतो, तेच हे गोखले.

त्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी गुहागर तालुक्यातील कोतळूक गावी झाला. वडील लवकर वारले. थोरले बंधू गोविंदराव यांना पंधरा रुपये पगार; त्यातले आठ ते धाकट्याच्या शिक्षणासाठी पाठवीत. १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाल्यावर गोखले पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आणि पुढे फर्ग्युसन कॉलेजात शिकवू लागले.

मात्र त्यांचे खरे शिक्षण सुरू झाले ते न्यायमूर्ती रानडे यांच्या हाताखाली. विशीतल्या या प्राध्यापकाला रानड्यांनी सरकारी अहवाल आणि आकड्यांच्या ढिगाऱ्यात बसविले. सार्वजनिक सभेचे अर्ज तयार करावयाचे, ते रानड्यांनी तपासावयाचे, आणि पुन्हा लिहावयाचे! तालमीत मातीत लोळविल्याशिवाय पैलवान होत नाही, तसाच हा प्रकार. पुढे विधिमंडळात इंग्रज अधिकारी गोखल्यांच्या आकड्यांना वचकून असत, त्याचे मूळ येथे आहे.

अशा माणसाच्याही हातून चूक झाली. १८९७ साली वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते इंग्लंडला गेले होते. इकडे पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात गोऱ्या शिपायांनी घरोघर धुमाकूळ घातला होता. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून गोखल्यांनी तिकडच्या वृत्तपत्रात स्त्रियांवरील अत्याचाराचे आरोप जाहीर केले. सरकारने पुरावा मागितला. परत आल्यावर पाहतात, तो पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कोणी पुढे यावयास तयार नाही. गोखल्यांनी त्यांची नावे उघड केली नाहीत, आणि सिद्ध करता न आलेल्या आरोपाबद्दल स्वतःच्या नावाने जाहीर माफी मागितली. लोकांनी त्यांना भ्याड ठरविले. मला स्वतःला वाटते, माफीची भाषा त्यांनी गरजेपेक्षा अधिक नमती ठेवली. शिपायांनी काहीच केले नाही असे थोडेच होते! पण पुरावा नसता आरोप धरून ठेवणे त्यांना जमले नाही, हे खरे.

१२ जून १९०५ रोजी त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. देवधर, द्रविड आणि पटवर्धन हे पहिले सोबती. प्रत्येक सभासदाला पाच वर्षांची उमेदवारी. त्यातली तीन वर्षे समाजाच्या वास्तूत राहून अभ्यास करावयाचा, दोन वर्षे देश हिंडून पाहावयाचा. कोणाशीही वैयक्तिक भांडण करणार नाही, आणि जातिधर्माचा भेद न मानता सर्व देशबांधवांसाठी झटेन, अशा शपथा घ्याव्या लागत. (आमच्या सभांना पहिली शपथ लावली तर निम्मे वक्ते घरी बसतील, आणि त्यांत मी पहिला!) १९१५ साली आफ्रिकेतून परतलेल्या गांधींनाही त्यांनी वर्षभर सार्वजनिक प्रश्नांवर न बोलता देश पाहावयास सांगितले, आणि गांधींनी ते मानले.

एवढ्या तयारीनेही हार चुकली नाही. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे त्यांचे विधेयक १९१२ साली ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले.

टिळकांशी तर त्यांचा उभा दावा. संमतिवयाचा कायदा, सार्वजनिक सभा, सुरतेची काँग्रेस, कोठेच मत जुळले नाही. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, गोखले गेले. वार्ता कळताच टिळक सिंहगडावरून खाली आले आणि स्मशानात जमलेल्या लोकांपुढे त्यांनी या प्रतिपक्षाचा गौरव केला.

कर्जत स्टेशनात घाट चढण्यासाठी गाडीला मागून इंजिन लावतात, तेव्हा मला हटकून गोखले आठवतात. पुणे-मुंबई करताना त्यांचीही गाडी येथे अशीच थांबली असणार.

पुढच्या सभेत मी उभा राहून त्या सहाध्यायाची माफी मागितली. मागच्या बाकावर दोघे-तिघे हसले. यंदा वर्गणीचे पावतीपुस्तक त्याने माझ्याच हाती दिले आहे, आणि ग्रंथालयाचे चरित्र मी अजून परत केलेले नाही.