जेआरडी टाटा: हौशी वैमानिक आणि विमान उडवण्यापूर्वीची मेडिकल तपासणी

अंधेरी-पार्ल्याच्या लोकांना जुहूचा विमानतळ आता हेलिकॉप्टरच्या आवाजामुळेच आठवतो. पण जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा म्हणजेच जेआरडी विमान चालवायला शिकले ते मुंबईच्या फ्लाइंग क्लबमध्ये.

त्यांचा जन्म 29 जुलै 1904 रोजी पॅरिसमध्ये झाला. आई फ्रेंच. फ्रान्समध्ये समुद्रकिनारी टाटांच्या घराशेजारी लुई ब्लेरियो यांचे घर होते. इंग्लिश खाडी विमानाने पहिल्यांदा ओलांडणारे ते हेच. विमानाचे वेड तिथे लागले, आणि पंधराव्या वर्षी पहिली फेरीही झाली. 10 फेब्रुवारी 1929 रोजी, वयाच्या 24व्या वर्षी, जेआरडींना भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. त्यावर क्रमांक होता 1.

आगा खान यांनी भारत-इंग्लंड एकट्याने उड्डाण करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी बक्षीस लावले. जेआरडी कराचीहून निघाले, अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून. वाटेत इजिप्तमध्ये स्पार्क प्लगअभावी अडकलेल्या अस्पींना जेआरडींनी आपल्याकडचा प्लग दिला. बक्षीस अस्पींनी जिंकले!

15 ऑक्टोबर 1932 रोजी टपाल घेऊन जेआरडी पस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. रेडिओ नाही, सोबत कोणी नाही. डॉक्टर म्हणून मला यातली हीच गोष्ट महत्त्वाची वाटते. गाडी चालवताना घेरी आली तर कडेला थांबता येते, एकट्याने विमान उडवताना ते शक्य नसते. शिवाय छोट्या विमानाच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखलेला नसतो. 8,000 फुटांवर ऑक्सिजनचा दाब जमिनीवरच्या तुलनेत सुमारे तीन-चतुर्थांश उरतो. रक्त कमी असेल तर दम आणि गोंधळ लवकर जाणवतो. साध्या सर्दीत कान आणि नाकाजवळच्या पोकळ्यांत दाब अडकून असह्य दुखते.

म्हणून आज हौसेसाठी विमान शिकायचे तरी डीजीसीएचे क्लास 2 मेडिकल लागते. ते डीजीसीएने नेमलेला डॉक्टरच करतो. आमच्यासारख्या फॅमिली डॉक्टरचे फिटनेस सर्टिफिकेट तिथे चालत नाही, हे अनेकांना ऐनवेळी कळते. तपासणीत दृष्टी, रंग ओळखण्याची क्षमता, ऐकू येणे, रक्तदाब, ईसीजी, रक्त आणि लघवी पाहतात. चष्मा असला म्हणून घाबरू नका. चष्म्याने नीट दिसत असेल तर तो सहसा अडचण ठरत नाही. फिट येण्याचा आजार मात्र मोठा अडथळा आहे, आणि इन्सुलिनवर असलेला मधुमेहही.

माझी विनंती एकच आहे. फ्लाइंग क्लबची फी भरण्याआधी तपासणी करून घ्या, आणि चालू गोळ्या किंवा जुना आजार लपवू नका. रक्तदाबाची गोळी दोन दिवस बंद ठेवून तपासणीला जाणे म्हणजे स्वतःलाच फसवणे. नियंत्रणात असलेला रक्तदाब कागदावर दाखवला तर मार्ग निघण्याची शक्यता असते. लपवलेला आजार हवेत उघड झाला तर खाली राहणाऱ्यांचाही जीव धोक्यात येतो, आणि जुहूभोवती किती दाट वस्ती आहे हे तुम्ही जाणताच.

वय हा एकटा अडसर नसतो. वाढत्या वयात मेडिकलची मुदत कमी होते, म्हणजे तपासणी वारंवार करावी लागते. जेआरडींनी 1982 मध्ये, पहिल्या टपाल उड्डाणाच्या सुवर्णमहोत्सवाला, लेपर्ड मॉथ विमानातून कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा एकट्याने केला. तेव्हा ते 78 वर्षांचे होते. 1992 मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. 29 नोव्हेंबर 1993 रोजी जिनिव्हात, वयाच्या 89व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.