हकीम अजमल खान : वडिलोपार्जित नुस्खा आणि प्रयोगशाळा

दिल्लीच्या बल्लीमारान मोहल्ल्यातील शरीफ मंझिल या हवेलीत पिढ्यान्‌पिढ्या हकिमी चालत आली. ११ फेब्रुवारी १८६८ रोजी याच शरीफी घराण्यात अजमल खान जन्मले. लहान वयात त्यांनी कुरआन पाठ केले, अरबी-फारसी शिकले आणि घरातल्या वडीलधाऱ्यांकडून तिब्ब, म्हणजे युनानी वैद्यक आत्मसात केले. १८९२ पासून सुमारे दहा वर्षे ते रामपूरच्या नवाबांचे हकीम होते. ‘शैदा’ या टोपणनावाने शायरीही करीत. दिल्लीबाहेर बोलावले तर दिवसाला हजार रुपये, पण दारी आलेल्या रुग्णाकडून काहीच नाही, अशी त्यांची ख्याती होती.

एवढ्यावर ते सुखाने जगू शकले असते. पण मुंबई इलाख्यात (नाशिक त्यातच होते) डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा येऊ घातला होता. नोंदणी फक्त पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्यांची होणार होती. वैद्य आणि हकीम दोघेही बाहेर राहणार होते. याची चाहूल लागताच १९१० मध्ये अजमल खानांनी वैद्य आणि हकिमांना एका परिषदेत एकत्र आणले. १९१२ मध्ये कायदा झालाच. पण वैद्य-हकिमांची ती सोबत टिकली. दिल्लीच्या करोलबागेत आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया कॉलेज उभे राहिले. १९१६ मध्ये लॉर्ड हार्डिंग यांनी कोनशिला बसवली आणि १३ फेब्रुवारी १९२१ रोजी गांधीजींच्या हस्ते उद्घाटन झाले. मधल्या पाच वर्षांत देश केवढा बदलला, ते या दोन नावांतच दिसते. इंग्रज सरकारने दिलेला ‘हाजिकुल्मुल्क’ हा किताब अजमल खानांनी १९२० मध्ये परत केला होता. जामिया मिल्लियाचे ते पहिले कुलपती झाले. १९२१ च्या अहमदाबाद काँग्रेसचे नियोजित अध्यक्ष चित्तरंजन दास तुरुंगात होते, तेव्हा ती जबाबदारीही त्यांनीच घेतली.

राजकारणातले हे मोठेपण सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या वैद्यकाबद्दल मात्र कमी बोलले जाते, आणि खरे तर तेच अधिक धाडसाचे होते. जुन्या ग्रंथांवर त्यांची निष्ठा होती, तरी ग्रंथात आहे म्हणून औषध सिद्ध झाले, असे ते मानत नसत. १९११ मध्ये युरोपात जाऊन त्यांनी तिथली रुग्णालये पाहिली. जर्मनीत शिकलेल्या सलीमुज्जमा सिद्दीकी या तरुण रसायनशास्त्रज्ञाला त्यांनी तिब्बिया कॉलेजात संशोधन सुरू करण्यास सांगितले. संस्था सुरू होण्याआधीच, डिसेंबर १९२७ मध्ये, रामपूर येथे हकीमसाहेबांचे निधन झाले.

सिद्दीकींनी सर्पगंधेच्या मुळातून शुद्ध द्रव्ये वेगळी केली आणि १९३१ मध्ये त्यांपैकी एकाला अजमलीन हे नाव दिले. हृदयाच्या ठोक्यांतील एक छुपा दोष ओळखण्यासाठी डॉक्टर आजही ते वापरतात. पुढे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरील उपयोग रुग्णांवर तपासून १९४९ मध्ये जगापुढे मांडला. त्याच मुळातून मिळालेल्या रेसरपीनने काही रुग्णांना गंभीर नैराश्य येते, हेही तपासणीतूनच कळले.

हीच नजर कलौंजीच्या तेलालाही लावायला हवी. रमजानच्या बाजारात अत्तर-खजुराच्या शेजारी या तेलाच्या बाटल्या हमखास दिसतात. हदीसमध्ये या काळ्या बीला मृत्यूखेरीज प्रत्येक आजारावर गुणकारी म्हटले आहे. पण ही एकच बी प्रत्येक रुग्णाला, कोणत्याही मात्रेत द्यावी, असा त्याचा अर्थ जुन्या भाष्यकारांपैकी अनेकांनी घेतला नाही. हकीमही मिजाज पाहूनच ती देत आले. सौदी अरेबियात टाइप-२ मधुमेहाच्या ९४ रुग्णांवर केलेली एक चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. नेहमीची औषधे चालू ठेवून रोज २ ग्रॅम कलौंजी घेणाऱ्यांची साखर उतरली. ३ ग्रॅम घेणाऱ्यांना त्याहून अधिक फायदा झाला नाही.

साखर उतरते, यातच धोकाही आहे. मधुमेहाची गोळी, वर कलौंजीचे तेल आणि दिवसभराचा रोजा, या तिन्हींमुळे साखर एकदम खाली जाऊ शकते. रक्तदाबाचे किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर तेल सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगावे. शस्त्रक्रिया ठरली असेल, तर सुमारे दोन आठवडे आधी ते बंद करतात. गरोदरपणी नानवर भुरभुरलेली कलौंजी चालते, औषधी मात्रा नको. कातडीवर चोळल्याने काहींना पुरळ उठते.

आपल्या भागात आणखी एक घोटाळा होतो. कलौंजीला अनेकजण कांद्याचे बी म्हणतात. दिसायला दोन्ही सारखी, पण वनस्पती वेगळ्या. लासलगाव-निफाडकडे पेरणीसाठी मिळणाऱ्या उळ्याला बुरशीनाशक लावलेले असू शकते. ते खाण्यासाठी नव्हेच. चटणीचे कारळे वेगळे, कडू काळे जिरेही वेगळे. तेल घेताना औषध असेल तर युनानी किंवा आयुर्वेदिक उत्पादन परवान्याचा क्रमांक, खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक बाटलीवर आहे का, ते पाहावे. शंका आलीच तर मालेगावात मन्सुरा येथे युनानीचे महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. तिथल्या हकिमांना चालू औषधांची चिठ्ठी दाखवून विचारता येते.