अंगणात गेलेली शाळा : ताराबाई मोडक

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाच्यासाठी पुस्तक घ्यावे म्हणून औरंगपुऱ्यातील एका दुकानात गेलो होतो. भाचा अडीच वर्षांचा. दुकानदाराने पुढ्यात चित्रांच्या पुस्तकांचा ढीगच ओतला. बाळ पहिले पाऊल टाकते, बाळ आपल्या हाताने जेवते, बाळ दात घासते, बाळ पहिल्या दिवशी शाळेत जाते. एकेका पुस्तकात बालपणाचा एकेक टप्पा, रंगीत आणि गुळगुळीत कागदावर. चाळता चाळता मनात आले की, इतक्या लहान मुलाचे चालणे, बोलणे, गुंडी लावणे हा विचार करण्याजोगा विषय आहे हे आपल्या मराठी समाजाला प्रथम कोणी पटवून दिले असेल? पाटीवर 'श्री' काढण्याआधीचे मूल म्हणजे आईच्या पदराखालचे मूल, त्याचे शिक्षण ते कसले, असेच तर आपण कित्येक पिढ्या समजत आलो. या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे नाव पुन्हा पुन्हा पुढे आले ते ताराबाई मोडक यांचे. त्या चित्रकार नव्हत्या. परंतु आज ज्या टप्प्यांची चित्रे आपण विकत घेतो ते टप्पे त्यांनी जिवंत मुलांच्या शेजारी बसून आयुष्यभर न्याहाळले.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. आई उमाबाई या विधवा होत्या आणि त्यांनी केळकरांशी पुनर्विवाह केला होता. त्या काळी अशा घराकडे लोक कोणत्या नजरेने पाहत असतील याची कल्पना आपण करू शकतो. मुलीला मात्र या घराने शिकू दिले. १९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या आणि पुढच्याच वर्षी अमरावतीचे वकील कृ. वि. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तो संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास दोघे विभक्त झाले. पदरात लहान मुलगी, पाठीशी नवरा नाही, आणि वय अवघे एकोणतीस-तीस. शंभर वर्षांपूर्वी पांढरपेशा घरातील स्त्रीसाठी ही अवस्था किती कठीण होती हे निराळे सांगायला नको.

त्यांनी राजकोट येथील बार्टन ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद स्वीकारले. मानाची जागा होती. दुसरी कोणी असती तर तेथेच स्थिर झाली असती. परंतु जवळच भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे एक गृहस्थ वकिली सोडून लहान मुलांची शाळा चालवीत होते. १९२० साली सुरू झालेले त्यांचे दक्षिणामूर्ती बालमंदिर हे त्या वेळी एक नवलच होते. तेथे छडी नव्हती, घोकंपट्टी नव्हती, परीक्षा नव्हती. इटलीच्या डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोमच्या एका गरीब वस्तीत जे बालगृह काढले त्याच्या तत्त्वावर हे काम चालले होते. ताराबाई प्राचार्यपद सोडून १९२३ साली भावनगरला गेल्या. पुढे १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. 'शिक्षणपत्रिका' गुजरातीत निघतच होती, ती १९३३ पासून ताराबाईंनी मराठीतही आणली. मुलाला मारू नये, त्याला भीती घालू नये, त्याचे काम त्याला स्वतःच्या हाताने करू द्यावे, त्यात वेळ लागला तरी थांबावे, या आज साध्या वाटणाऱ्या गोष्टी मराठी आईबापांना त्या अंकाअंकातून सांगत राहिल्या. (साध्या वाटतात एवढेच, पाळतो किती जण ते ज्याचे त्याने पाहावे.)

१९३६ मध्ये त्या मुंबईला परतल्या आणि दादरला शिशुविहार सुरू झाले. बालमंदिर आणि शिक्षिकांचे प्रशिक्षण दोन्ही तेथे चाले. येथवरची कथा एका यशस्वी शिक्षणतज्ज्ञ बाईची आहे. ती येथेच संपली असती तर ताराबाईंचे नाव मुंबईच्या मध्यमवर्गात आदराने घेतले गेले असते, आणि तेवढेच.

मला जे थोर वाटते ते यानंतरचे आहे. माँटेसरी पद्धतीची साधने देखणी आणि शास्त्रशुद्ध, पण महाग. पॉलिश केलेले लाकडी ठोकळे, मनोरे, दट्ट्या बसवण्याच्या पेट्या. ती घेणार कोण? ज्याच्या घरी आधीच सारे आहे तो. खेड्यातले मूल या विचारात कोठेच नव्हते. गांधीजींच्या नई तालीमचा विचारही या सुमारास सहा वर्षांखालील मुलांपर्यंत येऊन पोहोचला होता. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाईंनी मुंबईचे बसलेले बस्तान मागे ठेवले आणि ठाणे जिल्ह्याच्या समुद्रकाठी बोर्डी या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई मोरगावच्या, बालविधवा, पुण्यात शिक्षिका. थोड्या दिवसांसाठी म्हणून आल्या आणि १९९२ साली मृत्यू येईपर्यंत त्याच कामात राहिल्या.

बोर्डीला बालवाडी सुरू झाली, पण ज्यांच्यासाठी ती होती ती गरीब वस्तीतील मुले येईनात. शहरातला शिक्षक अशा वेळी पालकांना दोष देऊन मोकळा होतो. ताराबाईंनी दोष शाळेला दिला. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असे म्हणून बाई वस्तीत जाऊ लागल्या. झाडाखाली, कोणाच्या तरी अंगणात मुले गोळा करायची, आधी हातपाय धुवायचे, नाक पुसायचे, नखे कापायची, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी, खेळ. हीच अंगणवाडी. महागड्या साधनांची जागा शंख-शिंपल्यांनी, चिंचोक्यांनी, बियांनी, पानांनी आणि गोट्यांनी घेतली. लहानमोठे, जडहलके, खरबरीत-गुळगुळीत हे सारे त्यातूनही शिकता येते. वीस वर्षे जी पद्धत आपण स्वतः शिकवली तिच्यातले कोणते तत्त्व आणि कोणते नुसते सामान, हे त्यांनी उतारवयात निवडून वेगळे केले. आपल्यासारख्या वर्गातल्या टिपणांना चिकटून बसणाऱ्यांना हे किती अवघड आहे ते कळेल.

१९५७ च्या सुमारास केंद्र बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे वारली आदिवासींचे पाडे. येथे अडचण निराळीच निघाली. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असते. मुलगा येत नाही, कारण तो गुरे घेऊन रानात गेलेला असतो. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, म्हणजे कडेवरचे मूल पाळण्यात आणि ताई वर्गात. या एकत्र व्यवस्थेला विकासवाडी हे नाव मिळाले. गुराख्यांसाठी शिक्षक कुरणात जाऊ लागले, ती कुरणशाळा. दिवसा वेळच नसलेल्यांसाठी रात्रीचे वर्ग. पुस्तकातल्या कोणत्याही पद्धतीत हे आधी लिहिलेले नव्हते.

१९६२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. त्यांचे घरगुती आयुष्य मात्र सुखाचे नव्हते. रत्नाकर मतकरी यांनी त्यांच्या जीवनावर आधारलेले 'घर तिघांचं हवं' हे नाटक लिहिले, त्याचे शीर्षकच पुष्कळ सांगून जाते. दुसऱ्यांच्या हजारो मुलांना समजून घेणारी बाई स्वतःच्या घराच्या बाबतीत एकाकी होती, हे वाचताना मन बेचैन होते. काही चरित्रलेखक हा भाग झाकून टाकतात. तो झाकू नये असे माझे मत आहे, कारण एवढे सोसूनही त्या मुलांवर कधी कडवट झाल्या नाहीत.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाईंचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला.

माझी थोरली बहीण वैजापूर तालुक्यात दिलेली आहे. तिच्या गावच्या अंगणवाडीत परवा सहज डोकावलो. भिंतीवर वजनाचे तक्ते, कोपऱ्यात खिचडीचे पातेले, आणि सेविकाताई एका मुलीची वेणी घालत बसलेल्या. त्यांना ताराबाईंविषयी विचारले. नाव ऐकले आहे, पण वाचलेले काही नाही, म्हणाल्या. पुस्तक मिळाले तर आणून द्या, असेही म्हणाल्या. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी नाव नोंदवून ठेवले आहे.